‘चंदीगड करे आशिकी’वर गावच्या वाचनालयात चर्चा कशी घडवावी

गोव्यातील मराठी वाचनालयांना आणि कला मंडळांना पुस्तकावर, कवितेवर, नाटकावर एकत्र बसून बोलण्याची जुनी सवय आहे. जत्रेतले नाटक संपल्यावर त्यातल्या एखाद्या प्रवेशावरून पहाटेपर्यंत वाद घालणारी माणसे याच गावांत राहतात. हिंदी व्यावसायिक चित्रपट मात्र या बैठकीत सहसा येत नाही, आणि प्रेमकथेच्या केंद्रस्थानी पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष ठरवली गेलेली) स्त्री असलेला चित्रपट तर नाहीच नाही. अभिषेक कपूर दिग्दर्शित ‘चंदीगड करे आशिकी’ हा १० डिसेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट अशा बैठकीसाठी मला अतिशय योग्य वाटतो, कारण त्यात गाणी आहेत, विनोद आहे, पंजाबी घरातला गोंगाट आहे, आणि मधोमध असा एक प्रश्न आहे की ज्यावर एका घरातील दोन माणसांचेही एकमत होणे कठीण आहे. ही बैठक नीट घडवायची असेल तर कशाकशाची तयारी करावी लागते, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

कथा थोडक्यात अशी. मनविंदर मुंजाल ऊर्फ मनू (आयुष्मान खुराना) हा चंदीगडमध्ये जिम चालवणारा, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेचे स्वप्न पाहणारा तरुण आहे. त्याच्या जिममध्ये मानवी ब्रार (वाणी कपूर) झुंबा शिकवायला येते, दोघे प्रेमात पडतात, आणि मग मानवी त्याला आपण पारलिंगी असल्याचे सांगते. मनू हादरतो, चिडतो, स्वतःला फसवले गेल्याचे मानतो. पुढे ही गोष्ट मानवीच्या मर्जीविरुद्ध चारचौघांत फुटते, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध मुख्यतः मनूच्या बदलण्याचा आहे. हे शेवटचे वाक्य आयोजकाने मनात पक्के ठेवावे, कारण संपूर्ण चर्चेची दिशा त्यावर ठरते. प्रेक्षकांना बोलायचे असते मानवीच्या शरीराबद्दल. चित्रपट दाखवतो तो मनूच्या मनाचा प्रवास. चर्चा मनूवर, त्याच्या घरावर आणि त्याच्यासारख्या आपल्या सर्वांवर टिकवून धरणे हेच सूत्रसंचालकाचे खरे काम आहे.

आधी परवानगीचा प्रश्न

उत्साहाच्या भरात अनेक मंडळे प्रोजेक्टर लावतात आणि कोणाच्या तरी मोबाइलवरून चित्रपट सुरू करतात. तसे करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपट लोकांसमोर दाखवण्याचा हक्क त्याच्या मालकाकडे असतो, आणि ओटीटीची वर्गणी आपण घरगुती वापरासाठी भरलेली असते. प्रवेश विनामूल्य ठेवला म्हणून सार्वजनिक खेळ घरगुती ठरत नाही. जाहीर खेळच करायचा असेल तर निर्मात्याकडे किंवा वितरकाकडे लेखी परवानगी मागावी आणि ती हातात आल्याखेरीज सूचनाफलकावर काहीही लावू नये.

माझा सल्ला मात्र वेगळा आहे. पुस्तकचर्चेला येणारे जसे पुस्तक घरी वाचून येतात, तसा हा चित्रपट प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावा आणि वाचनालयात फक्त बोलण्यासाठी जमावे. चित्रपट नंतर नेटफ्लिक्सवर आला. तो सध्या तेथे आहे की नाही हे सूचना लावण्याआधी पाहून घ्यावे. या पद्धतीत परवानगीचा प्रश्न उरत नाही, खर्च चहापुरता होतो, आणि आणखी एक मोठा लाभ होतो. चित्रपटात शारीरिक जवळिकीची दृश्ये आहेत. सभागृहात शेजारी सासरे किंवा गावचे भटजी बसले असताना ती दृश्ये पाहणाऱ्या सूनबाईचे सगळे लक्ष स्वतःच्या अवघडलेपणाकडे जाते आणि कथेचा धागा तिथेच तुटतो. घरी पाहिलेला चित्रपट माणूस मोकळेपणाने पाहतो, हवे तेथे थांबवतो, पुन्हा मागे नेतो.

पाहण्यासाठी आठवडाभराची मुदत द्यावी. चित्रपट जवळपास दोन तासांचा आहे. दोन रात्रींत सहज होतो. ज्यांच्याकडे ओटीटी नाही त्यांना शेजाऱ्याच्या घरी जाऊन पाहण्याची सोय वाड्यावाड्यांत होऊ शकते, तेवढी जुळवाजुळव आयोजकाने करावी.

दिवस आणि जागा

कार्तिकापासून पुढे जत्रा, नाटके, शिगमो यांत गाव गुंतलेले असते आणि चवथीच्या आगेमागे कोणालाच फुरसत नसते. त्यामुळे जून-जुलैचा पाऊस हा या कामासाठी उत्तम काळ आहे. रविवारी चारनंतर, दुपारची झोप झाल्यावर, दिवेलागणीपर्यंत बैठक आटोपेल असे पाहावे. पावसात वीज जाते, म्हणून ध्वनिक्षेपकावर अवलंबून राहण्यापेक्षा पंचवीस-तीस माणसांची गोलाकार बैठक बरी. व्यासपीठ नको. देवळाच्या सभागृहापेक्षा वाचनालयाची खोली निवडावी, कारण या विषयावर बोलताना काहींना देवासमोर संकोच वाटतो आणि काहींना तेथे बोलावलेच जात नाही.

सूत्रसंचालकाची तयारी

गोव्याच्या प्रेक्षकाच्या मनात या विषयाची दोन चित्रे आधीपासून असतात, आणि दोन्हींशी सामना करावा लागतो.

पहिले चित्र रेल्वेतले आहे. मडगाव किंवा थिवीहून मुंबईला जाताना डब्यात टाळ्या वाजवत पैसे मागणाऱ्या व्यक्ती बहुतेकांनी पाहिलेल्या असतात, आणि चर्चेतले पहिले वाक्य हमखास त्यांच्यावरून येते. ते वाक्य अडवू नये. हिजडा समुदाय ही गुरू-चेल्यांच्या नात्यावर उभी असलेली स्वतंत्र सामाजिक परंपरा आहे, तिच्यात शिरणाऱ्या अनेकांना घराने बाहेर काढलेले असते, आणि प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्या परंपरेतली नसते, हे शांतपणे सांगावे. मानवी नोकरी करते, तिच्यामागे तिचे वडील उभे आहेत. वडिलांचा हा आधार नसता तर तिचे आयुष्य कसे झाले असते, असा प्रश्न येथेच टाकला तर रेल्वेचा डबा आणि चंदीगडचे जिम यांतले अंतर श्रोत्यांना स्वतःच मोजता येते.

दुसरे चित्र रंगभूमीचे आहे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. पेडण्याकडच्या दशावतारात पुरुषांनी रंगवलेल्या स्त्रिया आपण पिढ्यान्पिढ्या डोळे भरून पाहिल्या आहेत. जत्रेच्या नाटकांत स्त्रीपार्ट करणाऱ्या नटाला गावात मान होता, आणि बालगंधर्वांचे नाव तर आजही घरोघरी आदराने घेतले जाते. या परंपरेमुळे गोमंतकीय प्रेक्षक उदार असतो हे खरे. पण त्याच परंपरेमुळे ‘म्हणजे हा पुरुषच, फक्त बाईच्या वेषात’ असा समजही त्याच्या मनात सहज होतो. स्त्रीपार्टी नट रंग पुसून घरी जातो, तेथे तो नवरा असतो, बाप असतो. मानवीला पुसण्यासारखा रंग नाही. ती जी दिसते तीच ती घरीही असते, एकटी असतानाही असते. हा फरक सूत्रसंचालकाने सुरुवातीच्या पाच मिनिटांतच मांडावा, कारण तो उशिरा मांडला तर तोपर्यंत अर्धी चर्चा चुकीच्या वाटेने गेलेली असते.

मग बोलण्याची रीत. मराठीत क्रियापदासकट सगळे वाक्य लिंग सांगते, त्यामुळे मानवीबद्दल बोलताना ‘ती आली, ती म्हणाली’ असेच यायला हवे, तिच्या बालपणाविषयी बोलतानाही. सूत्रसंचालकाने आदल्या रात्री कथा मोठ्याने सांगून पाहावी. जेथे जीभ अडखळते तेथेच चर्चेत घसरते. कोणी ‘तो’ म्हणाले तर त्यांना टोकू नये. आपले पुढचे वाक्य ‘ती’ने सुरू करावे, चारदोन वाक्यांत खोली आपोआप वळते. येथे गोव्यापुरती एक सूचना आहे. बैठक रंगली की लोक कोकणीत शिरतात आणि शिरू द्यावे. कोकणीत तरुण मुलीला ‘तें’ म्हणण्याची रीतच आहे, त्यात उपहास नसतो. तोच शब्द मराठी वाक्यात नपुंसकलिंगी ‘ते’ म्हणून मानवीसाठी आला तर मात्र तो बोचतो. कोण कोणत्या भाषेत बोलत आहे हे ऐकून मगच दुरुस्ती करावी.

कायद्याची माहिती मोजकी पण अचूक असावी. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात पारलिंगी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या, हे मराठी श्रोत्यांना आवर्जून सांगावे. संसदेने २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. कायद्याचा आज लागू असलेला मजकूर बैठकीच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावरून पाहून घ्यावा. ‘मग यांचे लग्न होऊ शकते का?’ हा प्रश्न तर निघतोच. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. मात्र स्त्री-पुरुष नात्यात असलेल्या पारलिंगी व्यक्तीला प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येतो, असे त्याच निकालात म्हटले आहे. मनू आणि मानवी यांचे नाते याच प्रकारात मोडते. गोव्यात विवाहासाठी निबंधकाच्या कार्यालयात सह्या कराव्या लागतात आणि येथला नागरी कायदा वेगळा आहे, त्यामुळे पुढचे बारकावे विचारले जातात; त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला श्रोत्यांत बसवावे आणि उत्तर त्यांनाच देऊ द्यावे.

‘हा आजार आहे का?’ याचे उत्तर एका वाक्यात देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी ओळख मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढण्यात आली आहे. एवढे सांगून पुढे जावे. शस्त्रक्रिया, औषधे, अवयव यांविषयीचे प्रश्न कितीही सभ्य शब्दांत आले तरी ते घेऊ नयेत. ही चर्चा चित्रपटावरची आहे, कोणाच्या शरीरावरची नाही, असे सुरुवातीलाच जाहीर केलेले असले की नंतर नकार देणे जड जात नाही.

चर्चा प्रत्यक्ष कशी न्यावी

तोंडी प्रश्नांच्या आधी चिठ्ठ्या घ्याव्यात. दारातच प्रत्येकाच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल द्यावी, नाव लिहू नये असे सांगावे आणि एका डब्यात चिठ्ठ्या गोळा कराव्यात. मोठ्याने कधीच विचारले गेले नसते असे प्रश्न यातून मिळतात. अशाच एका डब्यात शाळेच्या वहीच्या चौकोनी कागदावर, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारख्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी मी वाचली आहे: ‘तिने सांगितले नसते तर चालले असते का? आणि आमच्या लग्नात आम्हाला तरी सगळे सांगितले होते का?’ त्या एका चिठ्ठीवर पाऊण तास चर्चा झाली आणि कधी नव्हे त्या स्त्रिया पुरुषांच्या आधी बोलल्या.

चर्चेचा गाभा तोच आहे. मानवीने मनूला फसवले का? या प्रश्नावर मत मागण्याआधी कथेचा क्रम फळ्यावर लिहून घ्यावा: ते भेटले केव्हा, जवळ आले केव्हा, तिने सांगितले केव्हा, आणि त्या वेळी तिला कशाची भीती असू शकत होती. क्रम डोळ्यांसमोर असला की ‘तिने आधी सांगायला हवे होते’ म्हणणाऱ्यांनाही ‘आधी’ म्हणजे नेमके केव्हा हे सांगावे लागते. पहिल्या भेटीत? जिममध्ये नोकरी मागताना? येथे माझे मत मी लपवत नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला जोडीदाराविषयी जाणून घेण्याची इच्छा असणे योग्य आहे. पण ती इच्छा म्हणजे समोरच्याचे सगळे पूर्वायुष्य मागून घेण्याचा हक्क नव्हे, आणि सांगितल्यावर मार किंवा बदनामी वाट्याला येणार असेल तर सांगण्याची वेळ सांगणाऱ्यानेच निवडली पाहिजे. सूत्रसंचालकाने स्वतःचे मत शेवटी सांगावे, आरंभी नव्हे, पण विचारले असता टाळू नये.

यानंतर मनूच्या रागाकडे वळावे. त्याला राग मानवीचा येतो, की आपल्या पुरुषपणाबद्दल मित्र काय म्हणतील या भीतीचा? शरीर कमावणाऱ्या नायकाची योजना दिग्दर्शकाने विचारपूर्वक केलेली आहे. ज्याने आपले पुरुषपण वजने उचलून घडवले, त्यालाच ते किती तकलादू आहे हे कळते. श्रोत्यांत व्यायामशाळेत जाणारे तरुण असतील तर त्यांना येथे बोलते करावे. ते बोलतात, आणि अपेक्षेपेक्षा प्रामाणिक बोलतात.

मानवीची गोष्ट फुटते तो भाग गावात बसून पाहताना अधिक झोंबतो. चंदीगडसारख्या शहरात जे वृत्तपत्र करील ते आपल्याकडे बसस्टॉप आणि पोदेराची (पाव विकणाऱ्याची) सकाळची फेरी करते. एखाद्याची खाजगी गोष्ट आपल्याला कळली तर आपण ती किती लोकांना सांगतो, ‘तू कोणाला सांगू नकोस हां बाय’ असे म्हणत, हा विचार येथे करता येतो. येथे दृश्यावर फार न बोलता थेट गावावर बोलावे. मात्र कोणत्याही खऱ्या माणसाचा, नाव न घेताही, उल्लेख होऊ देऊ नये. गावात नाव न घेता केलेला उल्लेखही सगळ्यांना समजतो. असे वाक्य सुरू झाल्याचे लक्षात येताच, वाक्य पूर्ण होण्याआधी, सूत्रसंचालकाने हात वर करून थांबवावे. सबंध बैठकीत मध्येच बोलणे तोडण्याचा हा एकच प्रसंग.

मानवीचे वडील (कंवलजित सिंग) लष्करी शिस्तीचे आहेत आणि मुलीच्या पाठीशी आहेत; आईला मात्र ते स्वीकारणे जड जाते. आपल्याकडच्या समजुतीच्या हे उलटे आहे, म्हणून घरातल्या ज्येष्ठांना या दोघांवर बोलायला सांगावे. मनूच्या विधुर वडिलांच्या प्रेमाचे उपकथानक बहुतेक जण विसरलेले असतात. वेळ उरला तर त्यावर दोन मिनिटे द्यावीत, नाहीतर सोडून द्यावे.

चित्रपटावरची टीका झाकून ठेवू नये. पारलिंगी स्त्रीची भूमिका पारलिंगी नसलेल्या अभिनेत्रीला दिली याबद्दल आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त आहेत. ज्यांना एरवी कामच मिळत नाही त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपटही त्यांच्या हातून जावा, हे दुःख समजण्यासारखे आहे. स्त्रियांना रंगमंचावर येण्यास मज्जाव असताना पुरुषांनी त्यांच्या भूमिका केल्या, हा आपला इतिहास येथे पुन्हा उपयोगी पडतो. कोणाच्या जागी कोण उभे राहिले आणि का, हा प्रश्न गोव्याच्या नाट्यरसिकाला परका नाही. दुसरा आक्षेप असा की सगळी कथा मनूच्या नजरेतून येते आणि मानवीचे स्वतःचे विश्व, तिची मैत्री, तिचे एकटेपण फारसे दिसत नाही. मला हा चित्रपटाचा सर्वांत मोठा उणेपणा वाटतो. तरीही ज्या घरात हा विषय कधी निघालाच नाही, तेथे मनूच्या नजरेतूनच शिरता येते, म्हणून तो निवडला.

पारलिंगी व्यक्तीला निमंत्रण द्यावे का

द्यावे, पण चौकशीसाठी नव्हे. ‘तुमचा अनुभव सांगा’ असे म्हणून एखाद्या व्यक्तीला पंचवीस लोकांसमोर बसवणे म्हणजे तिचे प्रदर्शन मांडणे आहे. ती चित्रपटाची समीक्षक म्हणून येणार असेल, तिला कोणते प्रश्न नको आहेत हे आधी विचारून घेतलेले असेल, तिला प्रवासखर्च आणि इतर वक्त्यांइतकेच मानधन दिले जाणार असेल, आणि मध्येच उठून जाण्याची मोकळीक असेल, तरच बोलवावे. स्वच्छतागृह कोठे आहे आणि कोणते वापरता येईल ही साधी गोष्टही आधी सांगून ठेवावी. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि नकार मिळाला तर कारण विचारू नये.

बैठकीनंतर

खुर्च्या उचलताना कोणीतरी रेंगाळते. कधी ती महाविद्यालयात जाणारी मुलगी असते, कधी मुलाबद्दल बोलू पाहणारी आई. अशा वेळी सूत्रसंचालकाने डॉक्टर किंवा समुपदेशक होऊ नये; ऐकावे, आश्चर्य दाखवू नये, आणि जे ऐकले ते घरच्यांसह कोणालाही सांगू नये. आई विचारू लागली की ‘आता काय करू?’, तर आज रात्री मुलाला जेवायला वाढ आणि त्याच्याशी बोल, एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. घाईने लग्न ठरवणे, उतारा काढणे, मारझोड करणे यांपासून मात्र तिला स्पष्ट शब्दांत परावृत्त करावे. व्यावसायिक मदत लागेल असे वाटल्यास केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. गोव्यात बांबोळी येथे मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि १९९६ पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी संगथ ही संस्थाही येथलीच आहे. हे पत्ते लिहिलेला कागद दारापाशी ठेवलेला असावा, म्हणजे तो मागण्याची वेळ कोणावर येत नाही.

वाचनालयाच्या इतिवृत्तात चर्चेचे मुद्दे लिहावेत, कोण काय बोलले ते लिहू नये. चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी फाडून टाकाव्यात. वृत्तपत्राला बातमी द्यायची असेल तर चित्रपटाचे नाव, तारीख आणि वक्त्यांची नावे त्यांच्या संमतीने द्यावीत; श्रोत्यांचा समूहफोटो देऊ नये.